गळती थांबेपर्यंत

तेलाचा थेंब भुवईवर पडला तेव्हा मुलगा मोटारसायकलखाली उताणा पडून इंजिनच्या पोटाखालचा नट आवळत होता.

"कुठून आला?" बाहेरून वडिलांनी विचारलं.

"वरून."

"वरून म्हणजे?"

"बाबा, थेंब खालून येत नाहीत."

वडिलांच्या वजनानं प्लॅस्टिकची खुर्ची करकरली.

"विनोद पुरे. जागा सांग."

जागा सांगणं अवघड होतं. ऑइलच्या टाकीच्या झाकणातून तेल येत होतं, तसंच ते इंजिनच्या जोडातून येत होतं, आणि जिथं जोडच नव्हता अशा एका ठिकाणाहूनही येत होतं. गाडी आईवडिलांच्या लग्नाआधीची. आपल्या दोघींमध्ये जास्त लाड गाडीचेच झाले, असं आईचं म्हणणं होतं, आणि वडिलांनी ते कधी खोडून काढलं नव्हतं. पण इतकी वर्षं तिनं नावालासुद्धा कधी तेल गाळलं नव्हतं. गळती सुरू झाली ती वडिलांचे डोळे दाखवून आणले त्याच्या पुढच्या आठवड्यात.

डॉक्टर तरुण होते आणि टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या डोळ्याशी खेळत बोलत होते. मधलं गेलंय, कडेचं राहील, ते म्हणाले. ज्याच्याकडे बघाल ते दिसणार नाही, त्याच्या शेजारचं दिसेल. थेंब दिले ते जळजळीसाठी. मुख्य दुखण्यावर औषध नव्हतं, म्हणून निदान जळजळीवर. "आणि गाडी बंद," ते शेवटी म्हणाले, थेट प्लॅस्टिकच्या डोळ्यात बघत. त्यावर वडील हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत.

पुढच्या आठवड्यात गळती सुरू झाल्यावर मात्र त्यांनी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, "ही गळती थांबेपर्यंत मी गाडीला हात लावणार नाही. तेल मागच्या चाकावर गेलं तर माणूस आडवा होतो. थांबली की चालवीन."

वडिलांनी शब्द दिला की तो दिलेला असे. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या गाडी चालवण्याच्या परीक्षा घेतल्या होत्या, आणि पास करण्यापेक्षा नापास करण्यासाठी ते जास्त ओळखले जात. मुलाला त्यांनी वळताना हात दाखवायला उशीर केला म्हणून नापास केलं होतं. त्या दिवशी जेवताना तो विषय निघाला नाही, कारण ऑफिसातल्या गोष्टी घरी आणायच्या नाहीत असा त्यांचा नियम होता. मुलालाही मग 'आज एक जण नापास झाला' असं मोघमच सांगावं लागलं.

तेव्हापासून दर रविवारी हे चाललं होतं. वडील खुर्ची घेऊन अंगणात येत. बसण्याआधी रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या शेजाऱ्यांच्या करड्या गाडीची नंबरप्लेट मोठ्यानं वाचत, "सदतीस बेचाळीस." परीक्षेला आलेल्यांनाही ते अशीच लांबची पाटी वाचायला लावत. मग स्वतःलाच म्हणत, "ठीक आहे," आणि बसत. मुलगा वॉशर बदले, पॅकिंग बदले, नट आवळे. शेवटी गाडी सुरू करून ठेवली की पाचदहा मिनिटांत कुठून ना कुठून तेल येई. वडील झाकणाभोवती बोट फिरवून ते नाकाशी नेत आणि म्हणत, "गळतंय."

मुलगा गाद्यांच्या दुकानात कामाला होता. तिथं लोक पाठीवर पडून त्याला मत विचारत. रविवारी पाठीवर तो पडे आणि मत वडील देत. गळती थांबू नये अशी त्याची मनापासून इच्छा होती, आणि ती थांबवायचा तो मनापासून प्रयत्न करत होता. ही दोन्ही कामं तो एकाच पान्यानं करत असे.

"गळतंय," वडील आज म्हणाले. "पुढच्या रविवारी टाकीच्या झाकणाचा वॉशर बदलू."

"दोनदा बदललाय."

"मग तिसऱ्यांदा बदलू. तिसऱ्या खेपेला पास झालेले पुष्कळ बघितलेत मी."

आत आई थेंबांची बाटली घेऊन उभी होती. बाटलीच्या तोंडाला चॉकलेटची चांदी गुंडाळून वर रबरबँड लावलेलं होतं.

"टोपण कुठं गेलं याचं?" मुलानं विचारलं.

"काय माहीत. या घरात वस्तूंना पाय फुटतात," आई म्हणाली. "अहो, वर बघा."

वडिलांनी वर बघितलं, म्हणजे तिच्या डाव्या कानाकडे. हल्ली ते सगळ्यांच्याच कानाकडे बघून बोलत. आईनं त्यावर काही न बोलता ठेवणीतली कानातली घालायला सुरुवात केली होती.

वॉशर आणायला मुलगा बुधवारी मिस्त्रीकडे गेला. मिस्त्रीचं गॅरेज म्हणजे एक लांबट खोली. तिच्यात मोटारसायकली होत्या त्याहून जास्त मोटारसायकलींचे तुकडे होते. वडिलांनी मिस्त्रीला दोनदा नापास केलं होतं. तिसऱ्यांदा पास झाल्यावर आता काय करायचं ते कळेना, मग घरी जाऊन झोपलो, असं तो सांगे.

"परत वॉशर?" मिस्त्री म्हणाला. "खातोस की काय?"

"गळतंय अजून."

"कुठून?"

"सगळीकडून."

मिस्त्रीनं हातातलं काम खाली ठेवलं. "सगळीकडून गळतंय म्हणजे कुठूनच गळत नाहीये. ब्रीदर बघितलास का?"

मुलाचा चेहरा बघून त्यानं उत्तराची वाट बघितली नाही. इंजिनात पिस्टन खाली आला की आतली हवा दबते, तो म्हणाला. तिला बाहेर जायला वाट पाहिजे. तुमच्या गाडीत ती हवा एका पाइपातून ऑइलच्या टाकीत येते, आणि टाकीच्या डोक्यावरून एक बारीक रबरी नळी निघते ती सीटखालून मागच्या मडगार्डपाशी उघडी सोडलेली असते. तिथून बाहेर. ती नळी बुजली तर हवा तेलाला ढकलते, आणि तेल मिळेल त्या फटीतून निघतं.

"कुकरची शिट्टी अडकली तर काय होतं?"

"आई मला हाक मारते."

"तेच. आता तू नुसते कुकरचे स्क्रू आवळतोयस." मिस्त्रीनं वॉशर दिला. "पण साहेबांना विचार ना. ती नळी मला त्यांनीच दाखवलेली. एकदा मातीनं बुजली होती, त्यांनी नुसत्या आवाजावरून ओळखलं."

मुलगा घरापर्यंत चालत आला. इतक्या रविवारांत वडिलांनी त्याला गाडीचा एकेक नट नावानं ओळखायला लावला होता. त्या नळीचा उल्लेख एकदाही केला नव्हता. म्हणजे आता डोळ्यांपाठोपाठ विसरायलाही लागले, त्याला वाटलं, आणि हातातला वॉशर त्यानं इतका घट्ट धरला की तळव्यावर गोल उमटला.

रविवारी वडील आंघोळीला गेले तेव्हा तो अंगणात गेला. नळी नुसती बघायची, हात लावायचा नाही, असं त्यानं ठरवलं होतं. रस्त्यापलीकडे शेजारी सकाळीच करडी गाडी घेऊन कुठंतरी गेले होते, आणि तिच्या जागी भंगारवाल्याची वाट बघत त्यांचा जुना पांढरा फ्रीज उभा होता. मुलगा मडगार्डमागे उकिडवा बसला. नळी होती, मिस्त्री म्हणाला तिथंच. तिच्या तोंडात काहीतरी पांढरं बसवलेलं होतं. त्यानं पकडीनं ओढलं तर ते हातात आलं.

थेंबांच्या बाटलीचं टोपण.

त्यानं ते पुसून बघितलं. मग स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं. आत आई भांडी लावत होती, नेहमीसारखी, गाडीच्या तंत्राशी आयुष्यात संबंध न आलेल्या बाईसारखी. त्याला आईबद्दल एकदम आदर वाटला. तो दर रविवारी गाडीखाली लोळत होता, आणि तिनं त्याआधीच नळी शोधून, तिला टोपण बसवून, बाटलीला चांदीसुद्धा गुंडाळून टाकली होती. टोपण परत बसवायला तो वाकला.

"काय करतोयस मागं?"

वडील ओल्या केसांनी दारात उभे होते. टोपण मुलाच्या खिशात गेलं.

"काही नाही. पुसत होतो."

"वॉशर बसवलास?"

"बसवला." तो तर त्यानं कालच बसवला होता.

"मग कर चालू."

दुसऱ्याच किकला गाडी सुरू झाली. वडील खुर्चीत बसले. दोघं वाट बघू लागले.

पाच मिनिटं झाली. इंजिन गरम झालं. वडिलांनी उठून झाकणाभोवती बोट फिरवलं, नाकाशी नेलं, परत फिरवलं.

"अजून थोडं चालू दे."

मुलानं चालू दिलं. पाहुणा यायचा असावा आणि त्याची बस चुकलेली असावी, तसे दोघं तेलाची वाट बघत होते. मुलानं खाली वाकून इंजिनचे जोड बघितले. कोरडे. ज्या ठिकाणी जोडच नव्हता तीही जागा कोरडी.

"जरा रेस दे," वडील म्हणाले.

त्यानं रेस दिली. अंगणात धूर झाला, आई ओल्या हातांनी बाहेर आली.

"काय झालं?"

"काही नाही झालं," मुलगा म्हणाला.

"म्हणजे? गळत नाहीये?"

वडील अजून एकदा वाकले. या वेळी त्यांनी बोट नाही, सगळा तळवा टाकीवरून फिरवला, खालपर्यंत, मग तो उलटा करून बराच वेळ धरून ठेवला. तळवा स्वच्छ होता. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. समोरचा माणूस रडत असला तरी नापासाचा शेरा सरळ रेषेत लिहायचा, अशी त्या चेहऱ्याला सवय होती.

"हेल्मेट आण," ते म्हणाले.

"बाबा, ऊन उतरू दे ना."

"परीक्षेला ऊन नसतं."

"अहो, राहू द्या. पोहे करणार होते—" आई म्हणाली आणि थांबली, कारण तिनं नाश्ता तासाभरापूर्वीच वाढला होता.

"शब्द दिलाय," वडील म्हणाले. ते आवाज चढवून म्हणाले नाहीत. आवाज चढवला असता तर भांडता तरी आलं असतं.

हेल्मेट आणायला मुलानं जमेल तितका वेळ लावला. ते खुंटीवरच होतं. त्यानं ते पुसलं, पट्टा सरळ केला, आतून पुसलं. बाहेर आला तेव्हा वडील गाडीवर बसलेले होते, पाठ ताठ, दोन्ही हात हँडलवर, पाय जमिनीवर. फाटक सताड उघडं होतं. आई फाटकाच्या एका फळीला धरून उभी होती. बंद करायची तिची हिंमत नव्हती आणि सोडायचीही. रस्त्यावरून गल्लीतली मुलं सायकलवर चाललेली, एक बाई कुत्र्याला घेऊन, एक रिकामा टेंपो.

वडिलांनी हेल्मेट चढवलं. पट्टा त्यांच्या बोटांना सापडेना. मुलानं तो लावून दिला. हनुवटीखालची कातडी गार लागली.

"नजर तपासायची राहिली आज," वडील म्हणाले.

त्यांनी रस्त्यापलीकडे बघितलं. मान जराशी तिरपी केली, तशी ते हल्ली करत. मग परीक्षेच्या आवाजात, स्वच्छ, शेवटच्या बाकापर्यंत जाईल असं म्हणाले, "सदतीस बेचाळीस."

पलीकडे फ्रीज उभा होता.

आईनं तोंडावर पदर नेला. मुलाला अगदी नको तेव्हा हसू आलं, आणि ते त्यानं खोकून दडवलं. तो वडिलांना काहीही सांगू शकला असता. गाडी नाहीये तिथं, असं तीन शब्दांत सांगून झालं असतं. पण ज्या माणसानं अख्ख्या गावाला पाटी वाचायला लावली होती, त्याला हे अंगणात, आईसमोर, कसं सांगायचं असतं, ते त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं.

"ठीक आहे," वडील स्वतःला म्हणाले. त्यांचा हात क्लचवर गेला.

"थांबा," मुलगा म्हणाला. "चेन बघतो."

"चेनला काय झालं?"

"आवाज येतोय."

"मला नाही आला."

"मला येतोय ना, बाबा. एक मिनिट."

तो मागं गेला, उकिडवा बसला, खिशातून टोपण काढलं आणि नळीच्या तोंडात दाबलं. हात घामेजले होते, टोपण निसटलं, मातीत पडलं. ते त्यानं शर्टाला पुसून अंगठ्यानं आत ढकललं, दुखेपर्यंत.

"झालं?"

"झालं. जरा रेस देऊन बघा, चेन ताण घेतेय का."

चेनचा आणि रेस देण्याचा गाडी उभी असताना काही संबंध नसतो. मुलाला हे माहीत होतं, कारण वडिलांनीच शिकवलं होतं. पण वडिलांनी काही न विचारता रेस दिली. परत दिली. धडधडत गाडी उभी राहिली, आणि तिघं जण, कुणी आकाशाकडे बघावं तसे, एका जुन्या टाकीच्या झाकणाकडे बघत राहिले. एका रिकाम्या मिनिटात मुलाला वाटलं की आता तेलही आपलं ऐकणार नाही. वॉशर नवीन होता. स्वतःच बसवला होता, चांगला.

मग झाकणाच्या कडेला बारीक फेस आला. फेसाचा बुडबुडा झाला, बुडबुड्याचा ओघळ झाला, आणि ओघळ टाकीवरून उतरून वडिलांच्या पँटच्या गुडघ्यावर पसरला.

वडिलांनी गुडघ्याला बोट लावलं आणि ते नाकाशी नेलं.

"गळतंय," ते म्हणाले.

त्यांनी इंजिन बंद केलं. अंगण इतकं शांत झालं की कुत्र्याच्या पट्ट्यातली घुंगरं लांब जाईपर्यंत ऐकू येत राहिली. वडिलांनी हेल्मेट काढून पेट्रोलच्या टाकीवर ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "नापास."

आईनं फाटक लावलं.

स्वयंपाकघरात ती बराच वेळ नळाखाली एकच कप धूत उभी राहिली. मुलगा हात धुवायला आला तेव्हा तिनं जागा करून दिली.

"टोपण परत लावलंस ते बरं केलंस," ती हळूच म्हणाली. "माझा जीव अर्धा झाला होता. काढलंस तरी कशाला?"

"बघायला काढलं. तेवढ्यात ते आले." त्यानं साबण घेतला. "पण तुला सुचलं कसं, आई? मला तर मिस्त्रीनं सांगितल्यावर कळलं."

"मला काय सुचलं?"

"टोपण लावायचं."

आईनं कप खाली ठेवला. "मला काय कळतंय त्यातलं? मडगार्ड पुसताना एकदा हाताला लागलं. म्हटलं, पोरानं डोकं चालवलं. म्हणून गप्प बसले."

"मी आज पहिल्यांदा बघितलं ते."

नळ चालूच होता. घरात माणसं तीन. त्यातली दोन या घटकेला स्वयंपाकघरात उभी होती.

खिडकीतून अंगण दिसत होतं. वडील गाडीच्या मागं उभे होते. गुडघ्यावरचा तेलाचा डाग तसाच. त्यांनी हात पुढं केला आणि मडगार्डच्या वीतभर अलीकडे, हवेत, काहीतरी चाचपलं. तिथं काही नव्हतं. हात खाली गेला, परत वर आला, पत्र्याला लागला, पत्र्याची कड धरून सरकत सरकत नळीपर्यंत पोचला. अंगठा नळीच्या तोंडावर थांबला. टोपण होतं. बराच वेळ अंगठा तिथंच राहिला. मग त्यांनी मान वळवून खिडकीच्या दिशेनं बघितलं, आणि खिडकीतली दोघं, जी त्यांना दिसण्याची शक्यताच नव्हती, एकदम खाली वाकली.

"नळ बंद कर," आई जमिनीवरून म्हणाली.

वडील आत आले तेव्हा मुलगा टेबलाशी पुसलेले कप परत पुसत होता. आईनं थेंबांची बाटली काढली, चांदीचं गुंडाळलेलं सोडवलं. वडील खुर्चीत बसले, मान मागं टाकली, दोन थेंब घालून घेतले, आणि डोळे मिटूनच म्हणाले,

"पुढच्या रविवारी पंप खोलू."

"खोलू," मुलगा म्हणाला.

"वेळ लागेल त्याला. घाई करायची नाही."

"नाही करत."

"आणि मी नसताना गाडीच्या मागं बसत जाऊ नकोस. काहीतरी हलतं, मग सापडत नाही."

"बरं."

वडिलांनी डोळे उघडले. थेंबाचं पाणी गालावरून खाली गेलं, ते त्यांनी पुसलं नाही. ते मुलाच्या उजव्या कानाकडे बघत होते, एकटक, म्हणजे त्यांना त्याचा चेहरा दिसत होता. मुलगा हलला नाही.